मोटरहोममधला डबा टीव्ही काढून सपाट टीव्ही बसवताना: आधी आधार, मग वीज, शेवटी पडदा

टीव्ही आधी विकत आणून मग तो गाडीत कुठे बसवायचा हे ठरवणाऱ्यांच्याच गाड्या माझ्याकडे जास्त करून दुरुस्तीला येतात. गाडी गोव्यात मोरजीला किंवा आगोंदला माडाखाली उभी असते तोवर सगळं ठीक दिसतं. एकदा चोर्ला घाट उतरून आली की ब्रॅकेटचे स्क्रू पातळ प्लायमधून अर्धे बाहेर आलेले असतात, नाहीतर इंजिन सुरू करताक्षणी टीव्ही कायमचा बंद पडलेला असतो. दोन्ही चुका टाळता येण्यासारख्या आहेत, आणि दोन्हींच्या मुळाशी कामाचा क्रम चुकलेला असतो. म्हणून हा लेख क्रमावर भर देऊन लिहिला आहे. टप्पे आहेत त्याच ओळीने करा, मधला एखादा सोडून पुढे जाऊ नका.

गाड्या साधारण तीन प्रकारच्या असतात: टेम्पो ट्रॅव्हलरसारखी गाडी बदलून केलेली, जुनी बस बदलून केलेली, आणि बाहेरच्या देशातून आलेली तयार मोटरहोम. जिथे तिघींची रीत वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

## टप्पा १: गाडीत वीज कोणती आहे ते आधी बघा

दुकानात जाण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. घरगुती वापराच्या बॅटरीवर (इंजिनची नव्हे, दिवे-पंखे चालवणारी) गाडी थोडा वेळ शांत उभी असताना व्होल्टेज मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर १२ व्होल्टची गाडी. मोठ्या बसवर बांधलेल्या गाडीत दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, तिथे आकडा २५ च्या वर येईल.

आता इंजिन सुरू करून पुन्हा मोजा. १२ व्होल्टच्या गाडीत हा आकडा १४.४ पर्यंत जातो, २४ च्या गाडीत २८ च्या पुढे. सेल्फ मारताना तोच आकडा क्षणभर १० च्या खालीसुद्धा येतो. म्हणजे ज्याला आपण १२ व्होल्ट म्हणतो ती वीज प्रत्यक्षात १० ते १४.४ अशी वरखाली होत असते. टीव्हीला हे चढउतार सोसत नाहीत. घरच्या अॅडॉप्टरमधून त्याला नेमके १२ मिळत असतात, त्याच हिशेबाने त्याचा बोर्ड बनवलेला असतो.

सावधान: २४ व्होल्टच्या गाडीत टीव्हीसाठी १२ व्होल्ट हवेत म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार ओढू नका. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की ती वेगळी सांगावीशी वाटते. ती एक बॅटरी कायम अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते आणि वर्षभरात दोन्ही जातात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवर जोडा.

बाहेरून आलेल्या गाडीत भिंतीवरच्या सॉकेटमध्ये काय येतं तेही तपासा. युरोपातली गाडी असेल तर २३० व्होल्ट, म्हणजे आपल्यासारखंच, पिन तेवढी वेगळी. अमेरिकेत बनलेल्या गाडीची आतली जोडणी १२० व्होल्टची असते, तिच्यात इथली २३० ची लाइन सरळ घालायची नाही.

## टप्पा २: मापं घ्या आणि पुठ्ठा कापा

जुना डबा टीव्ही (पिक्चर ट्यूबचा) चौकोनी पडद्याचा, रुंदी-उंची चारास तीन. नवा सगळा सोळास नऊ. त्यामुळे इंचांचा आकडा तोच धरून खरेदी केली की फसगत होते. हिशेब सोपा आहे: नव्या टीव्हीच्या इंचांना ०.८७ ने गुणलं की पडद्याची रुंदी, ०.४९ ने गुणलं की उंची. २४ इंची टीव्हीचा पडदा साधारण २१ इंच रुंद आणि १२ इंच उंच होतो. जुन्या २१ इंची डब्याच्या काचेची उंचीही जवळपास १२ इंचच असते. म्हणजे २१ च्या जागी २४ बसवला तर चेहरा तेवढाच मोठा दिसतो, फक्त बाजूंना पसारा वाढतो. ३२ इंचीला जवळजवळ २८ इंच रुंदी लागते. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कप्प्यात ती सहसा मावत नाही. मावली तरी दोन्ही बाजूंच्या कपाटांची दारं अडतात.

निवडलेल्या टीव्हीचं बाहेरचं माप (कडांसकट) पुठ्ठ्यावर काढा, कापा आणि जागेवर चिकटपट्टीने लावा. मग एक दिवस गाडीत नेहमीसारखं वावरा. डोकं आपटतं का, कपाट उघडतं का, बर्थवर झोपल्यावर दिसतं का, ते सगळं त्या पुठ्ठ्यावर कळतं.

तपासणी: ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि मागे बघायच्या आरशात पुठ्ठ्याची पुढची बाजू दिसते का ते पाहा. चालत्या गाडीत ड्रायव्हरला पडदा कुठूनही दिसता कामा नये. दिसत असेल तर जागा बदला.

## टप्पा ३: टीव्ही निवडताना

दुकानात टीव्ही डोळ्यासमोर, सरळ मांडलेले असतात. गाडीत तो तुमच्या डोक्याच्या वर असणार आणि तुम्ही खालून बघणार. स्वस्त पॅनल खालून पाहिलं की काळपट पडतं, माणसांचे चेहरे फोटोच्या निगेटिव्हसारखे दिसतात. म्हापशाच्या एका दुकानात मी गिऱ्हाइकाला बरोबर घेऊन गेलो होतो. त्यांना म्हटलं, बाब, जरा खाली बसा. ते फरशीवर मांडी घालून बसले, मान वर केली, आणि मगाशी त्यांनी पसंत केलेल्या टीव्हीवरचा हिरवा डोंगर तपकिरी झाला. शेजारचा आयपीएस पॅनलचा (तिरकं पाहिलं तरी रंग फारसे न बदलणाऱ्या पडद्याचा) टीव्ही तिथूनही हिरवाच दिसत होता. लाज न बाळगता खाली बसा. डोक्यावर बसवायच्या टीव्हीसाठी याहून चांगली परीक्षा नाही.

दुसरी गोष्ट मागच्या लेबलची. तीन प्रकार असतात:

- लेबलवर '१२ व्होल्ट डीसी' आणि शेजारी अँपिअरचा आकडा. हा सगळ्यात सोयीचा. स्टॅबिलायझरमधून (वरखाली होणाऱ्या विजेतून स्थिर १२ व्होल्ट देणारी डबी) थेट गाडीच्या विजेवर चालतो.
- '१९ व्होल्ट डीसी'. हाही चालतो, पण १२ चे १९ करणारा कन्व्हर्टर लागतो.
- '१००–२४० व्होल्ट एसी'. वीजपुरवठ्याचा बोर्ड टीव्हीच्या आतच. याला इन्व्हर्टर लागणारच. टीव्ही खोलून आतून १२ व्होल्टची तार जोडून देणारे कारागीर भेटतात. त्यात वॉरंटी जाते, धोकाही राहतो. मी ते काम घेत नाही.

फरक किती पडतो? २४ इंची टीव्ही साधारण ३० वॉट घेतो, म्हणजे १२ व्होल्टवर अडीच अँपिअर. चार तास पाहिला तर १० अँपिअर-तास. तोच इन्व्हर्टरवरून चालवला तर इन्व्हर्टर स्वतःसाठी १०–१५ वॉट खातो, आणि एकूण खर्च १५–१६ अँपिअर-तासांवर जातो. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे वापरायला ५० मिळतात. पंखा, दिवे, फ्रिज त्यातच भागवायचे. इन्व्हर्टर रात्रभर चालू राहिला तर टीव्ही बंद असूनही सकाळपर्यंत दहाएक अँपिअर-तास गेलेले असतात.

मागच्या बाजूचे चार स्क्रूचे खड्डे (व्हेसा) मोजून घ्या: ७५ बाय ७५, १०० बाय १००, २०० बाय १०० मिलिमीटर अशी मापं असतात. ते टीव्हीच्या मधोमध आहेत की खाली सरकलेले, हेही पाहा. खाली असतील तर पुठ्ठ्यावर तशी खूण करा. जुना डीव्हीडी प्लेयर ठेवायचा असेल तर लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना घेणारी जागा नव्या टीव्हीला आहे का, तेही विचारा. आवाजाचं सांगायचं तर सपाट टीव्हीचे स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून असतात आणि जूनच्या पावसात पत्र्यावर सर कोसळत असताना काही ऐकू येत नाही. छोटा साउंडबार पुढे कधीतरी लागेल असं धरून एक जादा तार आत्ताच ओढून ठेवा.

## टप्पा ४: सामान जमवा

१८ मिलिमीटरचा मरीन प्लाय, आयएस ७१० शिक्क्याचा (साधा कमर्शिअल प्लाय गोव्याच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत फुगतो). लॉक होणारा आणि पुढे झुकणारा ब्रॅकेट. नटबोल्ट आणि मोठे वॉशर स्टेनलेस स्टीलचे. गाडी किनाऱ्यालगत राहत असेल तर ३१६ ग्रेड मागा, ३०४ वरही खाऱ्या हवेत डाग धरतात. नायलॉन लॉकचे नट. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची, बारीक तारांची ऑटो केबल, लाल आणि काळी. ब्लेड फ्यूज आणि त्याचा होल्डर, १२ व्होल्ट स्थिर देणारा स्टॅबिलायझर, थिंबल (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी), ती दाबून बसवणारा क्रिम्पिंगचा पक्कड, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर जोडावर आवळून बसणारी नळी), कॉरुगेटेड पाइप (तारेवर चढवायची वळ्यांची नळी), रबर ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी चकती). आणि एक मजबूत पट्टा, त्याचं काम पुढे येईल.

टीव्ही घरी आणला की गाडीत नेण्याआधी घरच्या विजेवर दोन तास चालवून पाहा. बिघाड असेल तर तो खोक्यात असतानाच कळलेला बरा.

## टप्पा ५: डबा टीव्ही खाली उतरवा

आदल्या दिवशी टीव्हीची पिन काढून ठेवा. कामाच्या दिवशी क्रम असा: बाहेरून घेतलेली लाइन काढा, इन्व्हर्टर बंद करा, छतावर सोलर असेल तर पॅनलची तार कंट्रोलरपासून (सोलरची वीज बॅटरीत भरणारी पेटी) सोडवा, आणि मग बॅटरीचं उणे टोक काढा. सोलर आधी, बॅटरी नंतर. उलट केलं तर कंट्रोलर जळू शकतो.

सावधान: पिक्चर ट्यूबचा टीव्ही कोणत्याही कारणाने उघडायचा नाही. ट्यूबला २० हजार व्होल्टच्या वर दाब दिलेला असतो आणि पिन काढल्यावरही काही काळ तो आत साठून राहतो. ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते. मागची नाजूक मान तुटली किंवा काचेवर घाव बसला तर ती आतल्या बाजूला फुटते आणि काच उडते. गंजलेला बोल्ट सुटत नाही म्हणून ट्यूबजवळ ग्राइंडर लावणं म्हणजे जिवाशी खेळ. गंज सोडवणारा स्प्रे मारा, तासभर थांबा, पुन्हा मारा. डोळ्यांना चष्मा, पायांत बूट.

२१ इंची डबा वीस किलोच्या आसपास भरतो आणि त्याचं बहुतेक वजन काचेकडे असतं. त्यामुळे खालून बोल्ट आणि वरून पट्टा सोडला की तो एकदम पुढे झुकतो. दोन माणसं लागतातच. एकाने काच छातीशी धरायची, दुसऱ्याने मागून फक्त तोल सांभाळायचा. खाली गादी अंथरा, टीव्ही काच खाली करून तिच्यावर ठेवा. शेवटचा बोल्ट सोडण्याआधी दुसऱ्या माणसाचे हात टीव्हीला लागले आहेत ना, हे तोंडाने विचारा.

उतरवलेला डबा भंगारात देऊ नका. तांब्याच्या कॉइलसाठी तो कुठेतरी माळावर फोडला जातो. त्याच्या काचेत शिसं असतं, आतल्या लेपाची पूड विषारी असते, आणि मग ते सगळं आपल्याच विहिरींच्या पाण्याकडे जातं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. ई-कचरा कुठे आणि कधी जमा होतो ते आपल्या पंचायतीत किंवा पालिकेत विचारा, नाहीतर अधिकृत रिसायकलरला द्या. तोवर डबा आहे तसा, न फोडता, कोरड्या जागी ठेवा.

## टप्पा ६: पाठीचा आधार

सगळ्या कामाचं मर्म इथे आहे, म्हणून इथे वेळ घ्या. डबा टीव्ही फळीवर बसलेला होता, त्याचं वजन खाली जात होतं. सपाट टीव्ही उभ्या पाठीवर टांगलेला राहणार. चार किलोचाच असला तरी प्रत्येक खड्ड्याला आणि गतिरोधकाला तो ब्रॅकेटला वर-खाली हिसका देतो. पुढे झुकवला असेल तर तो हिसका स्क्रूंना बाहेर ओढतो. गाडीच्या आतली भिंत बहुतेक ठिकाणी तीन-चार मिलिमीटरच्या प्लायची असते. त्यात स्क्रू धरत नाही, नुसता धरल्यासारखा वाटतो.

आधी सांगाडा शोधा. लोखंडी पाइपच्या सांगाड्यावर लोहचुंबक प्लायवरूनही हलकेच ओढला जातो. ती रेघ पेन्सिलने आखून घ्या. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असेल (बाहेरच्या गाड्यांत बहुधा असतोच) तर बोटाच्या पेराने ठोकत जा, पोकळ आवाज जिथे भरीव होतो तिथे पट्टी.

मरीन प्लायची फळी जुन्या कप्प्याच्या तोंडाएवढी कापा आणि किमान दोन उभ्या सांगाड्यांवर टेकवा. कापलेल्या कडांना ऑइल पेंटचे दोन हात द्या. पाणी नेहमी कडेतूनच शिरतं. लोखंडी सांगाड्यात आरपार बोल्ट, मागे मोठा वॉशर, नायलॉन लॉकचा नट. लाकडी पट्ट्यांच्या गाडीत फळी पॉलियुरेथेन चिकटाने पूर्ण पाठीला चिकटवा आणि पट्ट्यांमध्ये स्क्रू घाला, म्हणजे भार चार बिंदूंवर न येता सगळ्या पृष्ठभागावर पसरतो. चिकट वाळायला पूर्ण एक दिवस द्या.

सावधान: भोक पाडण्याआधी भिंतीच्या आत गॅसची नळी, पाण्याची नळी किंवा तार जाते का ते पाहा. ड्रिलच्या बिटाला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळा आणि पट्टी भिंतीला टेकली की थांबा. बाहेरच्या पत्र्याला गेलेलं भोक पावसाळ्यात कळतं, तेव्हा भिंत आतून कुजायला लागलेली असते.

मागे जी खोल पोकळी उरते तिच्यात उशा-चादरी ठेवायच्या म्हणून बरेच जण फळीला बिजागरी लावून दार करतात. माझं मत विचाराल तर करू नका. टीव्ही लटकलेलं दार दोन मजबूत कड्यांशिवाय रस्त्यावर टिकत नाही, आणि कडी लावायला माणूस एकदा तरी विसरतोच. त्यापेक्षा पोकळीला बाजूने छोटं दार काढा. फळीच्या वरच्या आणि खालच्या कडेला हवेसाठी फटी मात्र ठेवाच.

तपासणी: फळी बसली की दोन्ही हातांनी धरून अंगाचा भार टाकून ओढा. किंचितही करकरली तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ७: वायरिंग

बॅटरीचं उणे टोक अजून सुटलेलंच आहे, तसंच राहू द्या. तार बॅटरीच्या वितरण पेटीपासून टीव्हीपर्यंत नवी ओढा. जुन्या दिव्याच्या तारेला मध्ये फाटा मारून काम भागवू नका. का, ते आकड्यांत बघा: सहा मीटर लांब आणि परत सहा, अशा बारा मीटर तारेत तीन अँपिअर गेले तर एक चौरस मिलिमीटरच्या तारेत अर्ध्या व्होल्टहून जास्त गळती होते. अडीचच्या तारेत पाव व्होल्टच्या आसपास. बॅटरी थोडी उतरली की हाच फरक टीव्ही आपोआप बंद होण्याचं कारण ठरतो.

काळी तार जवळच्या चासीला न लावता परत बॅटरीच्या उण्याकडेच न्या. खाऱ्या हवेत चासीवरचा अर्थचा बोल्ट कधी गंजला ते कळतही नाही.

फ्यूज बॅटरीजवळ, वीतभर अंतरात. तो टीव्हीसाठी नसतो, तारेसाठी असतो: वाटेत तार कुठे घासून उघडी पडली तर आग लागण्याआधी फ्यूज जावा. टीव्हीच्या टोकाला लावलेला फ्यूज हे काम करू शकत नाही. अडीच-तीन अँपिअरच्या टीव्हीला पाचचा पुरतो, तो मातकट रंगाचा असतो. वारंवार जातो म्हणून लाल (दहाचा) घालू नका, का जातो ते शोधा.

पत्र्यातून तार जाते तिथे रबर ग्रोमेट, बाकी वाटेवर कॉरुगेटेड पाइप, आणि वीत-दीड वितीवर क्लॅम्प. थिंबल क्रिम्प करून वर हीट श्रिंक चढवा. नुसती पिळून टेप मारलेली जोडणी उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते.

स्टॅबिलायझर टीव्हीजवळ, हवा लागेल असा बसवा. आता टीव्ही न जोडता बॅटरी जोडा आणि पिनेच्या टोकाला मोजा: १२.० च्या आसपास हवेत, आणि मधली पिन अधिक की उणे ते टीव्हीच्या लेबलवरच्या चित्राशी जुळवा. बहुतेक ठिकाणी मध्ये अधिक असतं, पण बहुतेक म्हणून गृहीत धरू नका. उलट जोडलेला टीव्ही एका क्षणात जातो.

तपासणी: इंजिन सुरू करून पिनेवर पुन्हा मोजा. बॅटरीवर १४.४ असताना इथे १२ च राहिले पाहिजेत. वाढले तर स्टॅबिलायझर खराब आहे किंवा तो स्टॅबिलायझरच नव्हे.

## टप्पा ८: ब्रॅकेट आणि टीव्ही

ब्रॅकेट फळीला चार आरपार बोल्टांनी लावा. सरळपणा बघायला पाणपातळी वापरू नका, कारण गाडी स्वतःच उताराच्या जमिनीवर उभी असते. शेजारच्या कपाटाच्या कडेपासून दोन्ही बाजूंनी टेपने मोजा, डोळ्याला तेच सरळ दिसतं.

टीव्हीकडचे स्क्रू हा या टप्प्यातला धोका. लांब स्क्रू आत शिरून बोर्डाला किंवा पॅनलच्या पाठीला टेकतो आणि पडद्यावर काळा डाग उमटतो, तो परत जात नाही. उदबत्तीची जळून उरलेली काडी व्हेसाच्या खड्ड्यात टेकेपर्यंत घाला, कडेला नखाने खूण करा, बाहेर काढून मोजा. त्यात ब्रॅकेटच्या पत्र्याची आणि वॉशरची जाडी मिळवा आणि एक-दोन मिलिमीटर वजा करा. तेवढ्याच लांबीचा स्क्रू. ७५ आणि १०० च्या खड्ड्यांना बहुधा एम-४ चा स्क्रू लागतो. हाताने फिरवा, ड्रिल मशीनने आवळू नका, खालचे आटे प्लास्टिकमध्ये बसवलेले असतात. आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू हादऱ्याने सैल होऊ न देणारा चिकट) एक थेंब पुरे, तो प्लास्टिकला लागू देऊ नका.

टीव्ही चढवताना पुन्हा दोघे. पडद्याला बोटं लावू नका, कडांनी धरा. चढला की दहा-पंधरा अंश पुढे झुकवा, बसण्याच्या जागेवरून चित्र पाहा आणि मगच झुकावाचा नट घट्ट करा. मागे तारांना वळणाची ढील ठेवा. ब्रॅकेट पूर्ण फिरवला तरी तार ताणली जाता कामा नये.

बाजूच्या भिंतीवर लांब हाताच्या ब्रॅकेटवर टीव्ही असेल तर वळणावर तो दारासारखा उघडतो. लॉकवर एकट्यावर विसंबू नका. टप्पा ४ मधला पट्टा इथे लागतो: ब्रॅकेटच्या पाटीतून काढून सांगाड्याच्या बोल्टला वेगळा बांधा. ब्रॅकेट सुटलाच तर टीव्ही पट्ट्यावर लोंबकळेल, खाली बसलेल्या मुलाच्या डोक्यावर येणार नाही.

## टप्पा ९: चॅनल कुठून येणार

छतावरच्या जुन्या काड्यांच्या अँटेनावर आता भरवसा ठेवू नका. डिश लावायची तर डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. गोव्यातून डिशचं तोंड आग्नेयेला, कंपासवर साधारण १२७ अंशांवर आणि आकाशात ६१ अंश उंच धरावं लागतं. म्हणजे गाडी लावताना आग्नेयेला माडांच्या झावळ्या नसाव्यात. झावळी वाऱ्याने हलली की चित्र तुटतं आणि लोक बिचाऱ्या केबलला दोष देतात. डिश चालत्या गाडीत छतावर उभी ठेवायची नाही. डिशपासून येणारी केबल आरजी-६ प्रकारची घ्या, आणि छतावरून ती आत येते तिथे खाली वळसा देऊन मग आत घ्या, म्हणजे पाणी वळशावरून गळून पडतं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागत असेल तर हा एकच टप्पा सोडला तरी चालेल.

## टप्पा १०: चाचणी, उभ्या गाडीत आणि रस्त्यावर

आधी उभ्या गाडीत दोन तास टीव्ही चालवा. मागे हात घालून पाहा: कोमट चालेल, चटका नको. स्टॅबिलायझर, फ्यूज होल्डर, प्रत्येक जोड बोटाने तपासा. जिथे गरम लागेल तिथे क्रिम्प ढिला आहे.

मग गाडी रस्त्यावर काढा. गावातल्या गतिरोधकांवरून आणि जमलं तर साखळी-केरीहून चोर्ला चढून-उतरून. एक माणूस मागे बसून टीव्हीकडे लक्ष देऊ दे, सीटबेल्ट लावून. खडखड कुठून येते ते ऐका, पडद्याची कड थरथरते का ते पाहा. परत आलात की प्रत्येक नट पान्याने पुन्हा तपासा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर एखाददुसरा पाव आटा फिरतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आवळून त्यावर रंगाची एक रेघ ओढून ठेवा, पुढच्या वेळी नट फिरला का ते रेघेवरून लगेच कळतं.

सावधान: टीव्ही चालू ठेवून सेल्फ मारू नका. स्टॅबिलायझर असला तरी. टीव्हीच्या लाल तारेवर एक वेगळा स्विच लावा आणि गाडी हलण्याआधी तो बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

## टप्पा ११: ऊन आणि पावसाळा

बहुतेक टीव्हींच्या पुस्तिकेत चालवण्याची मर्यादा ४० अंश सेल्सिअस दिलेली असते. मे महिन्यात दुपारभर बंद राहिलेल्या गाडीत पारा त्याच्या पुष्कळ वर जातो. संध्याकाळी दार-खिडक्या उघडून, पंखा लावून, अर्धा तास जाऊ द्या आणि मग टीव्ही लावा.

गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टीव्ही आठवड्यातून एकदा तासभर चालवा. त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतला दमटपणा जातो. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरून बुरशी येते. जुनी सुती चादर बरी. तेही जमणार नसेल तर चार स्क्रू काढून टीव्ही घरात आणून ठेवा, स्क्रू एका पुडीत घालून ब्रॅकेटलाच बांधा. दुसरे स्क्रू शोधायला गेलात की लांबी चुकते. ऑक्टोबरात परत बसवताना फळीच्या खालच्या कडेला नख लावून पाहा. नख रुतलं तर प्लाय पाणी प्यायला आहे, टीव्ही चढवण्याआधी फळी बदला.